सुमेधा सिस्टरची दोन बोटं

तीर्थपुरीच्या सरकारी दवाखान्यात सुमेधा सिस्टरचं टेबल दाराच्या अगदी समोर आहे, आणि ते तिनं भांडून तिथं मांडून घेतलंय. आधी ते आत, औषधांच्या कपाटाच्या आडोशाला होतं. तिथं पंखा बरा लागायचा, पण तिथून गेट दिसत नव्हतं, आणि गेट दिसल्याशिवाय हिला काम सुचत नाही. पेशंट खुर्चीत बसला, त्यानं श्वास सावरला, पदर किंवा टोपी नीट केली की अर्धी हकीकत गायब झालेली असते, असं तिचं म्हणणं. गेटपासून खुर्चीपर्यंत साठ-सत्तर पावलं आहेत. तेवढ्यात कोण लिंबाखाली उगीच रेंगाळतं, कोण पायरीपाशी आल्यावर भिंत चाचपतं, कुणाच्या चपलेचा पट्टा गेल्या महिन्यापेक्षा सैल केलेला आहे, हे सगळं ती बघून घेते आणि मगच बीपीचं मशीन काढते. मशीन काय, कुणालाही वापरता येतं, असं ती नव्या पोरींना ऐकवते आणि त्या पोरी एकमेकींकडं बघून तोंड वाकडं करतात.

तिची दुसरी खोड म्हणजे प्रश्न. "दम लागतो का?" असं ती कधीच विचारत नाही. आपल्याकडचा रानात राबलेला माणूस या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतो. दम लागतो का, न्हाई. छातीत दुखतं का, न्हाई. मग आलात कशाला, तर बायको मागं लागली म्हणून. तेव्हा ती आडवळणानं जाते. पाण्याचा हंडा आणताना किती ठिकाणी टेकवता? चप्पल कधीपासून घट्ट व्हायला लागली? आणि मोठ्या शहरातल्या नर्सा विचारतात तसं "उशा किती घेता" हेही ती विचारत नाही, कारण इथल्या निम्म्या घरांत उशीच नसते.

"झोपताना डोक्याखाली काय घेता, मावशी?" असं तिनं मागच्या दिवाळीनंतर तुळजाबाईंना विचारलं होतं. तुळजाबाई म्हणजे जवळच्याच गावच्या, चांगल्या बागायती घरातल्या. तोंडानं फटकळ. शेजारी त्यांचे मालक कचरूअण्णा टोपी मांडीवर ठेवून बसलेले.

"काय घ्यायचं? गोधडीची घडी."

"एकच?"

"पोळ्यापस्तोर एकच व्हती. आता दोन घेते. दोनावर बी खोकला उठतो, मंग भितीला टेकून बसते."

"मला तर हे म्हाईतच न्हाई," कचरूअण्णा म्हणाले.

"तुम्हाला कसं म्हाईत ऱ्हाईल? तुम्ही घोरून राह्यले असता."

सुमेधानं त्यांच्या पायातली जोडवी बघितली. ती मांसात रुतली होती. नडगीवर अंगठा दाबून उचलला तर तिथं खळगा पडला, आणि तो भरून यायला चांगलाच वेळ लागला. हृदय दमलं की अंगातलं पाणी पायांत उतरतं आणि आडवं झालं की छातीत चढतं, एवढं दोघांना कळेल असं सांगून तिनं त्यांना मॅडमकडं नेलं. मॅडम म्हणजे इथल्या डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं. पंधरा दिवसांनी बघावं तर सूज जागच्या जागी. तुळजाबाई शपथेवर सांगत होत्या की मिठाचा कण तोंडात गेला नाही, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी सुमेधा त्यांच्या घरी गेली. सुमेधाच्या आजीला त्या घराच्या अंगणाच्या पुढं कधी कुणी येऊ दिलं नव्हतं. सुमेधा सरळ चुलीपाशी गेली आणि डबे उघडायला लागली. तिसऱ्या डब्यात गुलाबी खडे निघाले.

"हे काय?"

"शेंदेलोण," तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या. "उपासाचं. हे काय मीठ न्हाई. ह्यानं एकादशी मोडत न्हाई, मंग तब्येत कशी मोडंल?"

बाईंचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. सुमेधा म्हणाली की एकादशीचं तुम्ही आणि देव बघून घ्या, हृदयाला मात्र दोन्ही मिठं सारखीच. डबा तिनं पिशवीत टाकला आणि घेऊन आली. घरी वजनकाटा नव्हता, म्हणून रोज सकाळी आडतीवरच्या कापसाच्या काट्यावर उभं राहायचं ठरलं. आठवड्यात तीन किलो पाणी उतरलं. आडतीवरचे हमाल तुळजाबाईंचं वजन आजही मोठ्यांदा पुकारतात, आणि त्या त्यांना शिव्या घालत खाली उतरतात.

तर अशी ही सुमेधा. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन ती माहेरच्या गावी आली. नवरा भारत अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर आहे, मोटरसायकलवर जाऊन येऊन करतो. तिचं घर आईवडिलांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नर्सिंग तिनं जालन्याला केलं. मस्तगडात तिघींत एक खोली होती, खाली भांड्यांचं दुकान, सकाळी सहापासून पातेल्यांचा खणखणाट. हृदयरोगाचा वॉर्ड तिला शिकवला तो चतुराबाई नावाच्या मेट्रननं. या चतुराबाईंनी पोरींना आठवडाभर दुसरं काही करू दिलं नाही, फक्त एकमेकींच्या पायावरची नाडी शोधायला लावली. मनगटावरची नाडी कुणालाही सापडते, पायावरची सापडली तर नर्स, असं त्यांचं मत. दोन बोटं हलकी ठेवायची आणि थांबायचं. दाबलं की आपल्याच बोटातली नाडी लागते आणि माणूस फसतो. सुमेधा त्या आठवड्यात इतकी तयार झाली की पुढं डॉक्टरसुद्धा "सिस्टर, जरा बघा" म्हणून तिला हाक मारायला लागले.

आता तिच्या वडिलांकडं येऊ, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. अप्पाराव गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय एकाहत्तर. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि मोजे. मोजे घरातसुद्धा. उभा जन्म साहेबांच्या तपासणीच्या धाकात गेला, त्याची ही खूण, असं त्यांची बायको गिरिजाबाई म्हणायची.

गुरुजींचा एक नियम होता. त्यांच्या घरानं छप्पन सालानंतर लगेच दीक्षा घेतली, तेव्हा ते जेमतेम चालायला लागले होते. त्यांच्या वडिलांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांपुढं कमरेत वाकण्यात गेलेलं. दीक्षेच्या दिवशी त्या माणसानं घरात सांगून टाकलं की इथून पुढं आपल्यात कुणी कुणाच्या पाया पडणार नाही, पोरगं बापाच्यासुद्धा नाही. गुरुजींनी हे व्रत समोरच्याच्या तोंडाला फेस येईपर्यंत पाळलं. जुना विद्यार्थी रस्त्यात भेटून वाकायला लागला की ते उडी मारून मागं सरकायचे. "सरळ उभा राह्य. जय भीम म्हण. वाकायचं न्हाई." निरोपसमारंभाला चाळीसेक पोरं वाकायला पुढं आली, तर गुरुजी मागं सरकत सरकत फळ्यापर्यंत पोचले आणि कोटाला खडू लागला. सुमेधाच्या लग्नात भारत वाकला, त्याला त्यांनी दोन्ही खांद्यांना धरून अर्ध्यातच उचलला. थोडक्यात, गुरुजींच्या पायाला कुणाचा हात लागलेला नव्हता, आणि मोज्यांमुळं ते पाय कुणाच्या नजरेलाही पडत नव्हते.

असा हा मोजकं बोलणारा माणूस गेल्या उन्हाळ्यापासून एकदम बोलका झाला. रोज संध्याकाळी ते विहाराच्या वाचनालयात पेपर वाचायला जायचे. पूर्वी नाकासमोर चालत जायचे, आता वाटेत थांबायला लागले. वसंता टेलरच्या दुकानापाशी थांबून कापडाचा भाव विचारायचे. पुढं खताच्या दुकानापाशी उभं राहून पिकाची चौकशी करायचे, ज्यांनी आयुष्यात एक वाफासुद्धा भिजवलेला नव्हता ते. मग हरिओमचं चहाचं हॉटेल. गाव खूश झालं. गुरुजी रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, आता कुठं माणसांत आले, असं लोक म्हणायला लागले. गिरिजाबाई तर फारच खूश. "घरात चाळीस वर्षं मुक्यासारखा बसला हा माणूस," ती सुमेधाला सांगायची, "आता टेलरसंगं गप्पा मारून राह्यला." सुमेधाही हसायची. पाच महिने ती हसली.

नोव्हेंबरातली गोष्ट. बाजारातून भाजी घेऊन येताना सुमेधाला पुढं वडील चालताना दिसले. हाक मारणार तेवढ्यात ते वसंताच्या दुकानापाशी थांबले. दुकान बंद होतं. वसंता भाच्याच्या लग्नाला गेलेला. तरी गुरुजी थांबले. बंद शटरकडं तोंड करून, हात पाठीमागं बांधून, वर लिहिलेला फोन नंबर वाचत असल्यासारखे दोन मिनिटं उभे राहिले. मग चालायला लागले. सुमेधाचे पाय आपोआप मंद झाले आणि तिनं पावलं मोजायला सुरुवात केली. एकशे चाळीस पावलं झाली आणि गुरुजी पुन्हा थांबले. तिथं दुकान नव्हतं, माणूस नव्हतं, मोकळ्या प्लॉटला तारेचं कुंपण होतं. गुरुजी कुंपण बघत उभे राहिले आणि डाव्या पोटरीवरून त्यांनी उजव्या बुटाची टाच हळूच घासली. मग पुन्हा चालले. एकशे छत्तीस पावलं आणि पुन्हा उभे.

सुमेधाला कळलं. गप्पा नव्हत्याच. चाललं की पोटरी आवळते, थांबलं की दोन मिनिटांत सुटते, हे दुखणं तिनं शंभर जणांत ओळखलं असेल. पायाकडं जाणारी रक्तवाहिनी आतून बुजत आली की असं होतं. परक्या माणसाचं गेटपासून खुर्चीपर्यंतचं चालणं निरखणारी ही बाई, आणि स्वतःच्या बापाचं चालणं तिनं पाच महिने कौतुकानं बघितलं होतं. तिला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की ती भाजीची पिशवी घेऊन तिथंच रस्त्यात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माहेरी जाऊन बसली.

"बाबा, डावा पाय दुखतो का?" घाईत तिनं तोच प्रश्न विचारला जो ती कुणालाच विचारत नाही.

"न्हाई," गुरुजी पेपरमागून म्हणाले.

"मोजा काढून दाखवा."

"काय गरज न्हाई. वय झालं, पाय कुरकुर करणारच."

"मला नाडी बघू द्या."

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. "सुमे, माह्या पायाला कोणी हात लावायचा न्हाई. तुला बी न्हाई. माह्या बापानं घातलेली रीत हाये, तुह्या नोकरीसाठी मोडणार न्हाई मी."

पण गिरिजाबाईला कुणी गप्प बसायला सांगितलेलं नव्हतं. तिनं भाकरी थापता थापता सगळं सांगून टाकलं. महिनाभरापासून हे बाजेवर झोपतात तेव्हा डावा पाय खाली लोंबता सोडतात, वर घेतला की ठणकतो म्हणून. तो पाय बर्फासारखा गार असतो म्हणून ती रोज गरम पाण्याची पिशवी देते. आणि बिडी सोडली म्हणतात ते खोटं, विहाराच्या मागं जाऊन ओढतात.

"आई, गरम पिशवी बंद. आजपासून बिलकुल बंद. रक्त जात नसलं की कातडी भाजलेली कळत न्हाई," सुमेधा म्हणाली आणि वडिलांकडं वळली. वडील भिंतीकडं बघत होते. तेव्हा तिला दिसलं की हा माणूस घाबरलाय. रीत खरी होती, पण आज तिच्याआड भीती जाऊन बसली होती. त्यांच्याबरोबर नोकरीत असलेल्या एका शिक्षकाचा पाय असाच काळा पडून गुडघ्याखाली कापला होता, आणि तो माणूस वर्षभरात गेला होता. मोज्याच्या आत काय आहे हे गुरुजींना माहीत होतं, म्हणून तर ते मोजा काढत नव्हते.

रडून, ओरडून काही होणार नव्हतं. गुरुजींना पटतं ते फक्त मुद्द्यानं. सुमेधानं जरा विचार केला.

"बाबा, आजोबांची रीत वाकायची न्हाई अशी व्हती का हात लावायचा न्हाई अशी?"

"एकच ते."

"एक कसं? दवाखान्यातलं तपासायचं टेबल माह्या कमरेच्या वर हाये. तुम्ही त्याच्यावर झोपायचं. मी सरळ उभी ऱ्हाणार. कोण वाकलं मंग?"

गुरुजींनी पेपरची घडी घातली. आयुष्यभर पोरांना तर्कानं बोला म्हणून दटावलं, तेच अंगाशी आलं होतं. "तू वकील व्हायला पाह्यजे व्हती," असं म्हणून ते बूट घालायला उठले. रविवार होता, बाह्यरुग्ण विभाग बंद. भारतनं त्यांना मोटरसायकलवर आणून सोडलं.

टेबलावर चढून गुरुजी छताकडं बघत पडले. सुमेधानं मोजे उतरवले. उजवा पाय म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. डाव्याची नडगी गुळगुळीत, केस झडलेले, कातडी ताणलेली आणि चकचकीत. नखं जाड झालेली. करंगळी बाहेरून काळवंडली होती आणि बूट घासून तिथं एक ओली जखम झाली होती, हरभऱ्याएवढी. तिनं पाय हातानं वर धरला तर तळवा पांढराफटक पडला, खाली सोडला तर जांभळट लाल झाला. आत्तापर्यंत ती नर्स होती. तिनं सगळं मनात नोंदवून घेतलं.

उजव्या पायावर नाडी लागली, बारीक पण लागली. मग तिनं दोन बोटं डाव्या पायावर ठेवली आणि थांबली. थोड्या वेळानं बोटांखाली ठोका लागला. एक, दोन, तीन, चांगला टणक. तिला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच. आणि मग चतुराबाईंच्या हाताखाली शिकलेली असल्यामुळं तिनं दुसरा हात लांब करून वडिलांचं मनगट धरलं. दोन्ही ठोके जुळत नव्हते. वडिलांची नाडी सावकाश चालली होती. बोटांखालची धावत होती, कारण ती तिची स्वतःची होती. तिनं फार दाबलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं खांद्यालाच पुसलं. मग कपाटातून तिनं गरोदर बायकांच्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं छोटं मशीन काढलं. ते या कामासाठी नसतं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

"हे तर बाळंतपणाचं मशीन," गुरुजी मान वर करून म्हणाले. "कितवा महिना सांगशील आता?"

"गप पडा, बाबा."

उजव्या पायावर मशीन बोललं, फस्स फस्स. डाव्या पायावर वरून नुसती खरखर. तिनं घोट्याच्या आतल्या खाचेत जेल लावून मशीन टेकवलं आणि तसूतसूनं सरकवलं. खूप वेळानं अगदी दुरून यावा तसा एक बारीक आवाज आला. गुरुजींनी तो ऐकला आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"पाय ऱ्हाईल का, सुमे?" छताकडं बघतच त्यांनी विचारलं.

"वाट सगळी बंद न्हाई झालेली. पण जल्दी जावं लागतंय, बाबा. उद्याच."

मॅडमनी फोनवर फोन केले आणि सोमवारी दुपारी गुरुजी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात होते. मांडीतली रक्तवाहिनी हातभर बुजली होती. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालून, फुगा फुगवून तिथल्या डॉक्टरांनी ती उघडली आणि आत जाळी बसवली. करंगळी मात्र वाचली नाही. दोन महिने आधी आणलं असतं तर बोटही राहिलं असतं, दोन महिने उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. सुमेधाला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. ती जिन्यात जाऊन पोटभर रडली, आणि तोंड धुऊन आली तरी गुरुजींना कळायचं ते कळलंच.

"तू कशापायी रडून राह्यली?" ते म्हणाले. "मी दाखवलंच न्हाई, मंग तू काय बघशील?"

घरी आल्यावर खरी धांदल सुरू झाली. पेशंट म्हणून गुरुजी म्हणजे डोक्याला ताप. प्रत्येक गोळी कशाची, कशासाठी, न घेतली तर काय, हे लिहून द्या म्हणायचे. लिहून दिलं की शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. रक्त पातळ ठेवायची गोळी जेवणानंतर, चुकवायची नाही. अनवाणी फिरायचं नाही, विहारातसुद्धा चप्पल दारापाशी काढून लगेच स्वच्छ सुती मोजे. पाय रोज बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. नख कापायचं ते सुमेधानंच. बिडीचं बंडल गुरुजींनी स्वतः आणून दिलं आणि पुढचे पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकावर, कॅलेंडरवरसुद्धा, ते डाफरत राहिले. ड्रेसिंगसाठी भारतनं लोखंडी अँगलचं एक कमरेएवढं उंच बाकडं वेल्डिंग करून आणलं, कारण गुरुजी खाटेवर बसून सुमेधाला खाली बसू देईनात. त्या बाकड्यावर चढायला वेगळी पायरी लागली. गिरिजाबाई म्हणाली, हे पाहुणे बसायच्या कामाचं न्हाई आणि धुणं वाळत घालायच्या बी कामाचं न्हाई. पण ड्रेसिंग रोज झालं. जखम हळूहळू भरत आली. जखमेनं तोंड मिटल्यावर चालणं सुरू केलं, पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

आणि रोज ड्रेसिंग झालं की सुमेधा डाव्या पायावर दोन बोटं ठेवायची. हलकी. गुरुजी त्या वेळी हटकून दुसरीकडं बघायचे आणि निकाल कधी विचारायचे नाहीत. तीही सांगायची नाही. नर्सला सगळं सांगता येतं, पण बाप विचारत नसताना त्याला सांगायचं कसं, हे काही तिला चतुराबाईंनी शिकवलेलं नव्हतं.

फेब्रुवारी उजाडला. एका सकाळी दवाखान्यात गर्दी ओसरत आली असताना गुरुजी तपासणीच्या खोलीत आले. एकटे नव्हते. मागं तीन म्हातारे होते, तिघंही निवृत्त मास्तर, तिघंही इस्त्रीच्या शर्टात आणि बूट-मोज्यांत. सर्वांत पुढं राजानंद सर, गुरुजींचे शाळेपासूनचे मित्र, त्यांच्याच रीतीचे आणि त्यांच्यापेक्षा हट्टी. त्यांना बळंच आणलेलं दिसत होतं.

"सुमे, यांचे पाय बघून दे," गुरुजी म्हणाले. "राजानंद सारखा पाराला टेकतो. म्हणतो सावली बरी वाटते."

"मला काय बी व्हत न्हाई," राजानंद सर म्हणाले. "उगीच जबरदस्ती करून राह्यला हा."

"मला बी काय व्हत नव्हतं."

एवढं बोलून गुरुजी पायरी चढून टेबलावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं डावा मोजा काढला. दारात अजून आठ-दहा पेशंट होते, नव्या पोरी होत्या, केसपेपर लिहिणारा होता. गुरुजींनी पाय सगळ्यांना दिसेल असा टेबलावर लांब केला. चार बोटं आणि करंगळीच्या जागी गुलाबी, नवी कातडी.

"मोज," ते राजानंद सरांना म्हणाले. "चार हायेत. पाचवं मी मोज्यात लपवलं, म्हणून गेलं."

राजानंद सर त्या पायाकडं बघत राहिले. सुमेधा पुढं आली, टेबलापाशी सरळ उभी राहिली आणि तिनं वडिलांच्या पायावर दोन बोटं ठेवली. या वेळी गुरुजींनी तोंड फिरवलं नाही. ते तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी त्यांची पोरं त्यांच्याकडं बघायची तसे.

"लागली का?" त्यांनी विचारलं.

सुमेधानं दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. ती थोडा वेळ थांबली, खात्री होईपर्यंत. दोन्ही ठोके बरोबरीनं चालले होते.

"लागली, बाबा."

गुरुजींनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला, आणि सरकून टेबलावर जागा केली.

"चल राजानंद," ते म्हणाले. "चढ वर."